खानापूरची माती, परदेशी भट्टी

प्रश्न : ताई, मी खानापूरच्या मातीत शिल्पं करते. नेदरलँड्समध्ये काही काळ राहून काम करायच्या रेसिडेन्सीला अर्ज करायचाय. खर्च तेच देतात ना? स्वतःबद्दल काय लिहू?

उत्तर : आधी पैशाचं बघ गं. ॲमस्टरडॅमची राइक्सअकादमी स्टुडिओसोबत मानधनही देते. ऑइस्टरवाइकच्या सिरॅमिक केंद्रात मात्र शुल्क कलाकारानेच भरायचं, म्हणजे शिष्यवृत्ती वेगळी शोधायची. प्रवास, विमा, साहित्य कोणाकडे, हे अर्जाआधीच मेल करून विचार. लाजू नकोस.

‘मातीशी माझं नातं’ असलं काही लिहू नकोस. मी पहिल्या अर्जात तेच लिहिलं होतं, नकार आला. दुसऱ्या वेळी सरळ लिहिलं : चुलत्यांच्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, माझी आठ भांडी तडकली, ती का तडकली आणि तिथल्या भट्टीत मला नेमकं काय करून बघायचंय. निवड झाली! फोटो दिवसाउजेडी काढ, मागे साधी चादर. लग्नाच्या फोटोग्राफरला बोलावू नकोस, तो फुलं ठेवतो.

आणि आपल्याकडचं खास दुखणं. 2014 मध्ये बेळगाव शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदावर एक नि नव्यावर दुसरं. जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर आत्ताच करून ठेव. निवडीनंतर धावपळ नको.