लोरिकीटमधला 'कीट'

फोंड्याच्या एका वाचकानं विचारलंय: 'लोरिकीट' हा रंगीत पोपट कीटक खातो म्हणून 'कीट' का? आणि 'लोरी'चा अंगाईशी काही संबंध?

नाही आणि नाही. पक्षी विकणाऱ्या एका दुकानात 'लोरिकीटक' असं ठसठशीत रंगवलेलं मीही पाहिलंय. पेंटरचं सोडा, पण विकणाऱ्याला तरी ठाऊक हवं की हा पठ्ठ्या मुख्यतः मकरंद आणि पराग खाऊन जगतो. जिभेच्या टोकाला ब्रशासारखे बारीक केसाळ उंचवटे असतात, त्यांनी फूल पुसून घेतो. 'कीट' ही इंग्रजी 'पॅराकीट'ची (म्हणजे लहान पोपटाची) तोडून 'लोरी' या पोपटाच्या नावाला लावलेली शेपटी. अंगाईला 'लोरी' म्हणतात ते हिंदीत.

खरी गंमत पोपटाच्या 'लोरी'त आहे. मलय भाषेत हा पक्षी 'नुरी'. मूळचा मोलुक्का (इंडोनेशियातली मसाल्याची बेटं), न्यू गिनी आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरचा. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला डच लिन्सखोतेन लिहून ठेवतो, की मोलुक्काहून भारतात 'नोयरा' नावाचे पोपटासारखे पक्षी येतात. म्हणजे गोव्याच्या कानावर तेव्हा पडत होता तो 'न'. मग 'ल' कुठून आला? 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचे कर्ते यूल आणि बर्नेल (१८८६) फ्रेंचांकडे बोट दाखवतात, तेही 'कदाचित' म्हणत. एवढे मोठे कोशकार, पण 'न' आणि 'ल' जिभेवर शेजारी राहतात हे इथं विसरले! अहो, मलयमध्येच 'लुरी' असं रूप आहे. फ्रेंचांना कशाला शिणवायचं? आणि ही अदलाबदल मराठी माणसाला काय सांगावी? निंबाचा लिंब झाला, नवनीताचं लोणी झालं. उलट्या वाटेनं लांगलाचा नांगर आणि ललाटाचं निढळ. निढळाचा घाम गाळून नांगर धरणारा शेतकरी भाकरीवर लोणी घेतो तेव्हा हा नियम दोन्ही दिशांनी पाळतो. पोर्तुगीजांचा 'नीव्हेल' (म्हणजे पातळी, लेव्हल) हा शब्दसुद्धा लॅटिन 'लिबेला'च्या कुळातला, तिथंही 'ल'चा 'न'. माझं तर मत आहे, की 'लोरी' कुणा एका युरोपीयानं घडवलीच नाही. बंदराबंदरांतल्या जिभांवर ती आपोआप पालटली.

बाकी नावं ठेवण्यात थोरही घसरतात. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश लिनियसनं लाल लोरीच्या शास्त्रीय नावात बोर्निओ घातलं, आणि हा पक्षी बोर्निओचा नाहीच!

हां, लिहायचं कसं? 'लोरी पोपट' लिहा. 'लॉरी' नको, ती रेती वाहते.