चार-पाच शाळांनी मिळून एकच ऑनलाइन कोर्स चालवायचा तर वेळापत्रक कसं जुळवायचं?

आधी घंटा जुळवा, कोर्स नंतर निवडा. सगळ्या शाळांचे तास एकाच शीटमध्ये शेजारी शेजारी मांडा आणि निदान 40 मिनिटं सामाईक सापडतात का बघा. एकीचा तास 9:10 ला आणि दुसरीचा 9:25 ला सुरू होत असेल, तर रोज 15 मिनिटं बुडतात. तिथे आठवड्याला दोनच थेट तास ठेवा, बाकी रेकॉर्डिंगवर भागवा. कोर्समधल्या जागा शाळावार लेखी करारात ठरवा, नाहीतर यजमान (कोर्स शिकवणाऱ्या) शाळेचीच मुलं आधी भरतात. सुट्ट्या, परीक्षा, गुण कोण नोंदवणार, हेही त्याच करारात. प्रत्येक वर्गात एक शिक्षक मात्र हवाच (विषय येत नसला तरी चालेल). माइक बंद पडला की पलीकडून शिकवणाऱ्याला काहीच करता येत नाही.