सांतियागोला ‘मसीहा’ म्हणावं का?

इंदूरच्या एका वाचक मंडळातून आलेला प्रश्न असा: सांतियागो या म्हाताऱ्या कोळ्यावरच्या हेमिंग्वेच्या कादंबरीवर (मूळ ‘द ओल्ड मॅन अँड द सी’, १९५२; पु. ल. देशपांडे यांचा अनुवाद ‘एका कोळियाने’) लिहिलेल्या परीक्षणात ‘सांतियागो हा या कादंबरीतला मसीहा आहे’ असं वाक्य आहे. इंग्रजी समीक्षेतल्या ‘क्राइस्ट फिगर’साठी, म्हणजे ख्रिस्ताची आठवण करून देणाऱ्या पात्रासाठी, मसीहा चालेल का? ‘क्रॉस’ला सूळ म्हणायचं, क्रूस की वधस्तंभ? आणि अशा पात्राला ‘बळीचा बकरा’ म्हटलं तर?

मसीहा नको. इंदुरात हा शब्द जिभेवर का येतो हे उघड आहे. हिंदी पेपरात रोज कुणी ना कुणी ‘गरिबों का मसीहा’ असतो, आणि तिथे त्याचा अर्थ तारणहार, वाली, मदतीला धावून येणारा. उर्दू शायरीत तो याहून वेगळा: दुखण्यावर इलाज करणारा, फुंकरीनं मेलेल्याला उठवणारा. मुळात हिब्रू ‘माशिआह’ म्हणजे तेलानं अभिषेक झालेला. राजांना आणि याजकांना असा अभिषेक होत असे. ग्रीक ‘ख्रिस्तोस’ हे त्याचंच भाषांतर, म्हणून मराठी बायबलात योहानाच्या पहिल्याच अध्यायात मशीहा म्हणजे ख्रिस्त असा खुलासा आहे. (तिथलं रूप ‘मशीहा’, श असलेलं. ‘स’ असलेलं ‘मसीहा’ हे रूप आपल्याकडे फारसी-उर्दूच्या वाटेनं आलं.)

म्हणजे व्युत्पत्तीनं दोन्ही शब्द एकच. तरी अडतं, कारण कथा-कादंबरीतलं क्राइस्ट फिगर बहुतेक वेळा कुणाला तारत नाही. त्याच्यात ख्रिस्ताचं तारणं दिसत नाही, सोसणं दिसतं. सांतियागोनं कुणाला वाचवलं? त्यानं पकडलेला मासासुद्धा शार्कांनी खाल्ला, किनाऱ्याला लागेपर्यंत सांगाडा होऊन गेला. ‘मसीहा’ म्हटलं की वाचक सुटका शोधायला लागतो, ती सापडत नाही, आणि परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तक कळलं नाही असं वाटतं.

त्याऐवजी ‘ख्रिस्तसदृश पात्र’ म्हणावं. जरा पंडिती आहे, पण अर्थ चुकवत नाही. वाक्य मोकळं हवं असेल तर ‘सांतियागोच्या यातनांवर ख्रिस्ताची छाया आहे’ असं लिहावं. मला हेच जास्त आवडतं. ‘ख्रिस्ताचं प्रतीक’ टाळावं, कारण प्रतीक म्हटलं की माणूस उरत नाही, खूण उरते. ‘रूपक’ तर नकोच. रूपककथेत प्रत्येक गोष्टीला जोडीदार लागतो, मग शार्क कोण आणि होडी काय, अशी ओढाताण सुरू होते.

नाव ठरलं तरी ते लावायचं कधी? दुःख भोगणारा, हात पसरून पडलेला प्रत्येक माणूस ख्रिस्तसदृश नसतो. खुणा शुभवर्तमानातल्या (बायबलातल्या येशूच्या चरित्रातल्या) ठरावीक तपशिलांशी जुळायला हव्यात आणि एकापेक्षा जास्त हव्यात: तळहातांच्या जखमा, खांद्यावरचं लाकूड, शेवटचं जेवण, आपल्यातल्याच एकानं केलेला घात, मारणाऱ्यांना क्षमा. नुसत्या नावावर जाऊ नये. या कादंबरीत खुणा दाट आहेत. शार्क दिसल्यावर म्हाताऱ्याच्या तोंडून जो उद्गार निघतो, त्याबद्दल लेखक म्हणतो की तळहातातून खिळा आरपार लाकडात जाताना माणसाच्या तोंडून नकळत असा आवाज निघत असावा. पुढे तो डोलकाठी खांद्यावर घेऊन चढण चढतो, पडतो, खोपटं येईपर्यंत पाच वेळा बसतो, आणि आत पालथा झोपतो तो हात ताठ पसरून, तळवे वर करून. यात ‘खिळा’ हा शब्द निर्णायक आहे. तो नसता तर बाकीचं थकलेल्या कोळ्याचं साधं वर्णन ठरलं असतं. हेमिंग्वेनं एका पत्रात यात प्रतीकं नाहीत, समुद्र म्हणजे समुद्र आणि म्हातारा म्हणजे म्हातारा, असं लिहिलं होतं. असेल, खिळा मात्र त्यानंच ठोकलाय.

आता क्रॉस. ‘सूळ’ चूक आहे. हिंदीतली ‘सूली’ ऐकून तो येतो, पण मराठीत सुळावर देणं म्हणजे टोकदार खांब शरीरात घालणं, ही शिक्षाच निराळी. ‘वधस्तंभ’ हा मराठी बायबलातला रुळलेला शब्द. ‘वधस्तंभावर खिळणे’ हे पक्कं क्रियापद आहे. त्यात उणीव एकच: स्तंभ म्हटल्यावर उभं लाकूड दिसतं, आडवं दिसत नाही. ‘क्रूस’ पोर्तुगीजांकडून आलेला, वसईच्या कॅथलिक मराठीत रोजच्या वापरातला. म्हणून जिथे आकार महत्त्वाचा, म्हणजे खिडकीची चौकट, दोन फळ्यांची सावली, गळ्यातलं पदक, तिथे क्रूस; जिथे बायबलातल्या वचनाचा प्रतिध्वनी हवा तिथे वधस्तंभ. सांतियागोची डोलकाठी ही आकारापेक्षा ओझं आहे, तेव्हा ‘आपला वधस्तंभ उचलून’ ही बायबलची शब्दयोजनाच तिथे बसते. आणि लिहिताना क्रूस दीर्घ, पण क्रुसावर, क्रुसाचा ऱ्हस्व.

प्रतिध्वनीचा मुद्दा अनुवाद करणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावा. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये (१९३९) जिम केसी मरताना मारणाऱ्यांना सांगतो की तुम्ही काय करताय हे तुम्हांला कळत नाही. लूकच्या शुभवर्तमानात मराठी वाक्य आहे: ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.’ अनुवादात ‘तुम्हाला अक्कल नाही’ लिहिलं की अर्थ जेमतेम पोचतो, पण खूण पुसली जाते. ‘समजत नाही’ राखलं की निम्मं काम झालं. त्याच पात्राच्या आद्याक्षरांचं, जे. सी.चं (इंग्रजीत जीझस क्राइस्टचीही हीच), मराठीत काही करता येत नाही. आपला येशू ख्रिस्त ‘ये. ख्रि.’ होतो. नाव बदलू नये. परीक्षणात एका ओळीत सांगून टाकावं.

‘बळीचा बकरा’ इथे बसत नाही. बोलीत तो दुसऱ्याच्या चुकीसाठी फुकट अडकवलेला माणूस, थोडा हास्यास्पदही. शिवाय बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात दोन बकरे आहेत: एकाचा बळी देतात, दुसऱ्यावर लोकांची पापं ठेवून त्याला जिवंत रानात सोडतात. इंग्रजीतला ‘स्केपगोट’ हा दुसरा, सुटून जाणारा. आपल्या वाक्प्रचारातला बकरा मात्र कापलाच जातो. ख्रिस्तासाठी बायबलात प्राणी ठरलेला आहे, ‘देवाचा कोकरा’. तेव्हा निरपराध मरणाऱ्या पात्राबद्दल लिहिताना कोकरा, आणि गावानं आपलं पाप लादून हाकलून दिलेल्या पात्रासाठी सरळ ‘पाप वाहून नेणारा बकरा’.