माळ, मुलं आणि अळणी रस्सा

"ताई, आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी तीनची. मी एमआयडीसीत नोकरीला आहे, घरी यायला साडेसहा-सात होतात. आमच्याकडे आठवड्यातून तीन-चार वेळा चिकन व्हायचं, कारण मुलं तेवढंच पोटभर खायची. यंदा सासूबाई वारीला गेल्या आणि पंढरपुरात माळ घालून आल्या. तेव्हापासून घरात चिकन बंद, अंडंही बंद. मुलं आमटी बघितली की ताट सरकवतात. रोज रात्री नऊपर्यंत घास घेऊन मी त्यांच्या मागे फिरते, शेवटी मोबाइल लावून भरवते नाहीतर बिस्किटं देऊन झोपवते. मिस्टर म्हणतात, बाहेरून आणून खाऊ घालू, आईला कळायचं कारण नाही. मला सासूबाईंचा राग येतो आणि देवाधर्माच्या गोष्टीचा राग आला म्हणून नंतर स्वतःचीच लाज वाटते. मुलांना प्रोटीन मिळणार कुठून? रोज रात्री करू तरी काय?"

तुला 'तू' म्हणते, चालेल ना? माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची असेल.

आधी ती प्रोटीनची धास्ती मनातून काढू, कारण ती डोक्यावर बसलेली असली की हातातला घास जबरदस्तीचा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि तुझ्या धाकटीला ११-१२ ग्रॅम. आता घरातलंच मोज. कपभर दुधात सहा ग्रॅमच्या आसपास. मूठभर तूरडाळीचं घट्ट वरण पोटात गेलं तर पाच-सहा. दोन लहान पोळ्या किंवा एक भाकरी, तिचे पाच-सहा. दाण्याचं कूट दोन चमचे, चार ग्रॅम. झाले की वीस! आणि यात दही नाही, पनीर नाही, उसळ नाही. चिकन बंद झाल्यानं तुझी मुलं उपाशी पडत नाहीयेत. तुझी चिंता खरी आहे, पण हिशेब तुझ्या बाजूचा आहे.

आता मला एक सांग. चिकनच्या दिवशी मुलं नेमकं काय खायची? पत्रात तू लिहिलं नाहीस, पण आपल्याकडची रीत मला माहीत आहे. रश्श्यात तिखट पडायच्या आधी पोरांसाठी पातेल्यातून अळणी काढून ठेवायचं. मऊ भात, त्यावर ते गरम अळणी पाणी, एखादी मऊ फोड. तीन वर्षांची मुलगी चावून चावून किती चिकन खात असेल? तिला आवडतं ते भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण, आलं-लसणाचा वास, पातळ ओलसर घास आणि घशाखाली सहज उतरणारा भात. ते सगळं तुझ्या घरात अजून आहे, कोंबडी तेवढी गेली. रोजचं वरण त्यांना परकं वाटतं, कारण त्याला हिंग-मोहरीची फोडणी असते, तो वासच वेगळा. तेव्हा चिकनचंच वाटण घे आणि त्यात कडधान्य शिजव.

आणि त्यासाठी आपल्या जिल्ह्यात वाघ्या घेवडा पिकतो, अजून काय पाहिजे! कोरेगाव भागातला हा घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. मंडईत, किराणा दुकानात कुठेही मिळेल. रात्री भिजत घाल. सकाळी ते पाणी ओतून दे, घेवडा धुऊन डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव. संध्याकाळी आल्या आल्या, हातपाय धुवायच्या आधीच, ताज्या पाण्यात हळद घालून कुकर चढव. पाच-सहा शिट्ट्या, मग बारीक गॅसवर दहा मिनिटं. दोन बोटांत दाबल्यावर लोण्यासारखा मोडला पाहिजे. घेवडा अर्धाकच्चा पोटात गेला तर मोठ्यांनाही उलट्या होतात, मुलांना तर नकोच, म्हणून इथे घाई नको.

वाटण रविवारीच करून ठेव. तव्यावर कांदा काळपट होईपर्यंत भाज, सुकं खोबरं भाज, थोडे तीळ, आलं, लसूण, कोथिंबीर, आणि सगळं मऊसूत वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भर. घट्ट झालं की वड्या काढून डब्यात टाक. रोज संध्याकाळी दोन वड्या तुपात परतल्या की घरभर तोच रविवारचा वास सुटतो. त्यात शिजलेला घेवडा घाल, अर्धा पळीनं घोटून घे म्हणजे रस्सा अंगासरशी दाट होईल. मीठ, एक उकळी. आता मुलांचं दोन वाट्यांत काढून ठेव, आणि मग उरलेल्यात तुमचा कांदा-लसूण मसाला घाल. एकाच पातेल्यात सगळ्यांचं जेवण. मुलांच्या भातावर ते अळणी, वरून तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबू विसरू नकोस, कडधान्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. पहिल्या दिवशी नुसतं पाणी-भात खातील, घेवडे बाजूला काढतील. काढू दे. रश्श्यात घोटलेला अर्धा घेवडा पोटात जातोच आहे.

याच वाटणात आख्खे मूग, मसूर, मटकी काहीही चालतं. मसूर भिजवायचीही फार गरज नाही, ज्या दिवशी विसरशील त्या दिवशी मसूर.

दुसरी गोष्ट चकोल्या. सासूबाईंना विचार, त्यांना हातखंडा येत असतील. कणकेची पोळी लाटून तिच्या चकत्या पाडायच्या आणि उकळत्या पातळ वरणात सोडायच्या. चकत्या पाडायचं काम मुलाला दे. बाटलीचं धुतलेलं झाकण हातात दे आणि पोळपाटासमोर बसव. वाकड्या पाडेल, दोन एकमेकींना चिकटवेल, पीठ केसांत जाईल. पण आपण पाडलेली चकोली वाटीत कुठली, हे शोधून शोधून खाईल. वरणात गूळ-आमसूल घालते मी, तुमच्याकडे नसेल आवडत तर राहू दे. गहू आणि डाळ एकत्र आली की प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि कुकर एकदाच लागतो.

ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवशी मुगाच्या डाळीची धिरडी. सालीची डाळ सकाळी भिजवून फ्रीजमध्ये, संध्याकाळी आलं-जिरं आणि मूठभर पालक घालून वाटली की झालं. तव्यावर रुपयाएवढी नाही, पण पुरीएवढी लहान घाल, लहान मुलांना लहान गोष्ट स्वतःची वाटते. सोबत दही. थालीपीठ-लोणी, पिठलं-भात, मऊ खिचडी नि कढी, हे तुला मी काय सांगायचं.

आणि एकादशी! महिन्यातून दोनदा घरी भगर आणि दाण्याची आमटी होत असणार. ती मुलांना दे, उपासाचं म्हणून बाजूला ठेवू नकोस. मुलांच्या आवडीचं इतकं तयार जेवण दुसरं नाही: मऊ, गोडसर, तिखट नसलेलं. भगर पंधरा मिनिटांत होते आणि दाण्याच्या आमटीत प्रथिनं भरपूर. एकादशीलाच कशाला, मंगळवारी का नको? फक्त धाकटीला आख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नकोस, घशात अडकतात. कूटच.

आता संध्याकाळी सहा वाजता घरात काय होतं ते बघ. तू येईपर्यंत मुलं भुकेजलेली, आजी मायेनं चहा-बिस्किट देते, नाहीतर कुरकुऱ्यांची पुडी. तू येतेस, स्वयंपाक होतो, आठ-साडेआठला ताट वाढतेस तेव्हा पोट भरलेलं आणि डोळे मिटायला आलेले. अशा वेळी कोण आमटी खाणार? जेवणच पुढे घे. सव्वासातला मुलांची ताटं, मोठ्यांची खुशाल नऊला. साडेपाचला केळं, राजगिऱ्याचा लाडू, वाटीभर दही-पोहे, असं काहीतरी बेताचं, आणि त्यानंतर जेवणापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. चहा मुलांना देऊच नका, जेवणातलं लोह शोषायला तो आड येतो. दूधही दिवसाला दोन कपांच्या वर नको. जेवत नाही म्हणून बाटलीभर दूध पाजायचं आणि दूध प्यायलं म्हणून जेवण नको, या चक्रात पुष्कळ घरं अडकतात.

ताटात काय आणि किती वाजता, हे तू ठरव. किती खायचं ते त्यांना ठरवू दे. हे म्हणायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, मला ठाऊक आहे. माझ्या मुलीला मी एकदा लाल भोपळ्याची भाजी संपेपर्यंत ताटावरून उठू दिलं नव्हतं. तास झाला. शेवटचा घास तिनं डोळे घट्ट मिटून गिळला आणि लगेच सगळं ओकून टाकलं. आज ती नोकरीला लागली तरी लाल भोपळा खात नाही, आणि मला त्या संध्याकाळची आजही हळहळ वाटते. म्हणून सांगते, मागे फिरू नकोस. दोन ते सहा या वयात मुलं नव्या पदार्थाला नाही म्हणतातच. एखादी चव ओळखीची व्हायला तो पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. दर वेळी चमचाभर वाढ, शेजारी त्यांच्या ओळखीचं एक काहीतरी असू दे, दही-भात म्हण किंवा दूध-भाकरी. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटं शांतपणे उचल. मोबाइल पहिल्या तीन-चार रात्री बंद केलास की आकांत होईल. तो आकांत सोस, शनिवार-रविवार धरून सुरुवात कर म्हणजे तुलाही जड जाणार नाही.

सासूबाईंचा राग येतो म्हणालीस. येणारच गं. त्यांनी माळ घातली ती त्यांच्या श्रद्धेनं, पण तुझा रोजचा आधार एका दिवसात गेला आणि पोरांना काय घालायचं याबद्दल कुणी तुला विचारलं नाही. या रागाची लाज धरू नकोस. एखाद्या दुपारी मुलं झोपलेली असताना त्यांच्याजवळ बस आणि हेच सांग: "आई, तुमच्या माळेबद्दल माझी तक्रार नाही, पण संध्याकाळी मला एकटीला निभत नाही. मी यायच्या आत घेवड्याचा कुकर लावाल का? आणि मुलांसोबत तुम्ही जेवायला बसाल का?" हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. आजी शेजारी बसून चवीनं आमटी-भात खाते आहे हे रोज दिसलं की पोरं हळूहळू आजीच्या ताटात हात घालतात. आपल्या ताटातलं नको असतं, आजीच्या ताटातलं हवं असतं.

मिस्टरांचं मात्र ऐकू नकोस. चोरून आणून खाऊ घालायचं आणि मुलांना "आजीला सांगू नका" म्हणायचं, हे साडेपाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर फार मोठं ओझं आहे. माळ आजीची आहे, मुलांची नाही. मामाकडे गेल्यावर, बाहेर जेवायला गेल्यावर चिकन खाल्लं तर उघडपणे खाऊ दे, सासूबाईंनाही तसं आधी सांगून ठेव. फक्त "आमटी संपवलीस तर रविवारी चिकन" असा सौदा करू नका. त्यानं आमटी ही शिक्षा होते.

एवढं करूनही वजन महिनोन्‌महिने तिथंच असेल, चेहरा फिका वाटत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा चावायचं काहीच नको आणि फक्त दोन-तीनच पदार्थ चालतात असं असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. मांस-अंडी नसलेल्या घरात बी-१२ दूध-दह्यातून येतं. मुलं तेही खात नसतील तर डॉक्टरांना तसं सांग, ते तपासणी करायची की औषध द्यायचं ते बघतील.

पत्र वाचून होईल तेव्हा रात्र झाली असेल तर उठ आणि वाटीभर घेवडा निवडून भिजत घाल. वाटण तयार नसलं तरी उद्यापुरता एक कांदा आणि खोबऱ्याचा तुकडा भाजायला दहा मिनिटं पुरतात. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कोणी काय खाल्लं, ते मला कळव.