'चॅस्टिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: कॉलेजच्या मुलामुलींसाठीच्या लेखात लग्नापर्यंत शरीरसंबंध न ठेवण्याची बाजू मांडायची आहे, पण सूर प्रवचनाचा नको. शब्द कोणता वापरावा?

'ब्रह्मचर्य' आधी सुचतो. जुन्या वापरात तो बराच सैल होता. मनुस्मृतीत (३.५०) ठरावीक रात्री शरीरसंबंध वर्ज्य करणाऱ्या गृहस्थालाही ब्रह्मचारीच म्हटलं आहे. आजच्या मराठीत मात्र ब्रह्मचारी म्हटलं की मारुती किंवा रामदास डोळ्यांपुढे येतात. पुढे लग्न करायचंच आहे, त्या मुलाला हा शब्द आपला वाटत नाही.

'शील', 'चारित्र्य', 'कौमार्य', 'पावित्र्य' यांचं दुखणं वेगळं. एक कसोटी लावा: वाक्याचा कर्ता पुरुष करून पाहा. 'त्यानं कौमार्य जपलं' हे व्याकरणात बसतं (कुमार आणि कुमारी, दोघांचंही ते कौमार्यच), पण ऐकणारा हसतो. 'चारित्र्याच्या संशयावरून' एवढे दोन शब्द बातमीत दिसले की पुढे बहुधा पत्नीचाच खून असतो. शिवाय या शब्दांबरोबर येणारी क्रियापदं पाहा: जपणं, गमावणं, डाग लागणं, भ्रष्ट होणं. काचेच्या भांड्याची भाषा आहे ही. तुम्ही कितीही सौम्य लिहा, ज्या वाचकाचे संबंध आधी आले आहेत त्याला तुम्ही 'फुटलेला' ठरवून मोकळे झालेले असता. 'पावित्र्य' तर मागोमाग विटाळ घेऊनच येतं.

'संयम' त्यातल्या त्यात बरा, स्त्री-पुरुष दोघांना सारखा लागतो. पण नुसता 'संयम सुटला' म्हटलं तर राग आठवतो, आणि 'लैंगिक संयम' म्हटलं की आरोग्य खात्याचं पत्रक. एखाद-दुसऱ्यांदा चालेल. 'एकनिष्ठ' चांगला, पण त्याला समोर जोडीदार हवा (हल्ली तो पक्षाच्या कार्यकर्त्यांनीच जास्त वापरला आहे, ते सोडा).

माझं मत: नाम सोडा, क्रियापद धरा. आणि खरी गोम शब्दापेक्षा क्रियापदाच्या रूपात आहे. 'लग्नाआधी संबंध ठेवू नयेत', 'संयम पाळावा', 'पाळलाच पाहिजे' यांत उपदेश क्रियापदाच्या रूपातच बसलेला आहे. नाम बदलून तो जात नाही. 'आम्ही लग्नापर्यंत थांबायचं ठरवलंय' यात कर्ता आहे, त्याचा निर्णय आहे आणि 'का?' विचारायला जागा आहे. ते 'का' लगेच पुढच्या वाक्यात द्या: 'संबंध आले की नातं तोडणं अवघड होतं, आणि आम्हाला आधी एकमेकांना नीट पारखायचंय.' हे कारण वाचकाला खोडता येतं. 'हे पवित्र आहे' हे खोडता येत नाही, म्हणून तो वाद न घालता पान उलटतो.

'थांबणं'ऐवजी 'वाट पाहणं' नको. त्यात लग्न होणारच हे गृहीत धरलं जातं. 'स्वतःला आवरणं'ही टाळा, त्यात इच्छाच गुन्हेगार ठरते.