पाच फ्रेमच्या छोट्या पेटीत नवी राणी कशी सोडायची?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला: पारोळ्याकडे शेतात मेलिफेरा म्हणजे युरोपियन मधमाश्यांची पाच फ्रेमची (पोळ्याच्या चौकटींची) छोटी पेटी आहे, तिची राणी गेली, आता मिलन झालेली राणी पिंजऱ्यातून येणार आहे. ती सरळ सोडायची की पिंजऱ्यातच ठेवायची, आणि पेटी परत कधी उघडायची?

सरळ सोडू नका. माश्या राणीला वासाने ओळखतात, आणि नवीचा वास त्यांना परका असतो. अशी राणी एकदम मोकळी सुटली तर कामकरी माश्या तिच्याभोवती घट्ट गोळा करून तिला मारतात. छोट्या पेटीत मात्र एक फायदा आहे. माश्या थोड्या असल्या आणि त्यातही कोवळ्या जास्त असल्या, तर त्या भरलेल्या पेटीपेक्षा नव्या राणीला लवकर स्वीकारतात.

पण आधी पेटीला खरंच राणी नाही हे पक्कं करा. पोळ्यातल्या पेशीच्या, म्हणजे मेणाच्या खणाच्या, तळाशी उभं अंडं दिसलं तर तीन दिवसांच्या आत तिथे राणी होती, कारण तिसऱ्या दिवशी अंड्यातून अळी निघते. राणी गेली की माश्या कामकरीच्याच कोवळ्या अळ्यांना राजान्न, म्हणजे राणीचं खास अन्न, चारून नवी राणी करायला घेतात. अशा राणीपेशी भुईमुगाच्या शेंगेसारख्या खाली लोंबतात, आणि साधारण बाराव्या दिवसापासून त्यांतून राणी बाहेर पडू लागते. म्हणून प्रत्येक फ्रेमवरच्या माश्या झटकून कोपरे, कडा नीट बघा आणि अशी एकही पेशी शिल्लक ठेवू नका. एक राहिली तरी तुमची विकतची राणी धोक्यात.

राणी जाऊन पंधरवडा उलटला असेल तर आत मिलन न झालेली राणी फिरत असण्याची शक्यता आहे, आणि ती सहज दिसत नाही. अशा वेळी दुसऱ्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक फ्रेम मधोमध द्या. दोन-तीन दिवसांत त्यावर राणीपेशी बांधायला घेतल्या तर पेटी बिनराणीची आहे. त्या पेशी मोडा आणि नवी राणी द्या. काहीच बांधलं नाही तर राणी द्यायची घाई करू नका, आधी आतली शोधा.

पिंजरा अळ्या असलेल्या दोन फ्रेमच्या मध्ये ठेवा, कारण अळ्यांना चारणाऱ्या कोवळ्या दाई माश्या तिथेच असतात. जाळी मेणाला चिकटू देऊ नका. माश्यांना जाळीतून राणीपर्यंत सोंड पोचवता आली पाहिजे. राणीच्या बाहेर पडायच्या वाटेत साखरेची कँडी भरलेली असते, ते टोक वरच्या बाजूला. आपल्याकडच्या उकाड्यात कँडी पाघळते, आणि टोक खाली असलं तर राणीसोबतच्या मेलेल्या माश्या तिथेच पडून वाट बुजते. कँडी घरी करायची तर पिठीसाखर आणि स्वतःच्या निरोगी पेटीतला मध घ्या. बाजारचा मध नको, त्यातून अळ्यांचा रोग पेटीत येऊ शकतो. सोबतच्या माश्या काढायच्या असतील तर खोली बंद करून खिडकीजवळ काढा. राणी उडाली तरी उजेडाकडे काचेवरच जाऊन बसते, अलगद धरता येते.

माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म पुढच्या तपासणीत आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. पहिले दोन दिवस कँडीवरचं बूच काढूच नका. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अगदी थोडा धूर देऊन पिंजरा हळूच वर घ्या आणि जाळीवरच्या माश्या बघा. त्या जाळीला घट्ट चिकटून, अंग आवळून, तार चावत असतील, बोटाने सारल्या तरी हलत नसतील, तर राणी अजून परकी आहे. बूच तसंच ठेवा आणि राणीपेशी परत शोधा. बऱ्याचदा एखादी राहून गेलेली सापडते. आणि माश्या मोकळेपणी चालत असतील, सोंड आत घालून राणीला चारत असतील, बोट लावताच बाजूला होत असतील, तर बूच काढा. पुढे कँडी खाऊन वाट त्या स्वतःच मोकळी करतात. तीन दिवस झाले म्हणून राणी सुटायलाच हवी असं नाही. दिवसांचा हिशोब मदतीला ठेवा, पण निर्णय माश्यांच्या वागण्यावरून घ्या.

त्यानंतर आठवडाभर पेटी उघडू नका. मन राहत नाही, हे मला ठाऊक आहे. पण नुकती सुटलेली राणी बिचकते, पळते, आणि पळणाऱ्या राणीवर माश्या धावून जातात. तेवढ्या काळात दारातून पराग आत जातोय का ते बघत राहा.

साखरेचं पाणी द्या, वजनाने साखर आणि पाणी सारखंच, तेही अंधार पडताना. दिवसा सांडलं तर शेजारच्या पेट्या लुटायला येतात, म्हणून दारही एक-दोन माश्या जातील एवढंच ठेवा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांसाठी. पेटी केळीच्या बागेत नेणार असाल तर ध्यानात घ्या, केळफुलावर माश्यांना मकरंद मिळतो, पण अळ्यांसाठी लागणारा पराग म्हणावा तसा मिळत नाही. जवळ मका, तीळ किंवा बाभूळ हवी. एप्रिल-मेच्या उन्हात राणी बदलण्याच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो, मेण मऊ पडतं, माश्या पाणी आणण्यात गुंततात.

मिलन झालेलीच राणी मागवलीत हे उत्तम केलंत. आसपास मेलिफेराच्या दुसऱ्या पेट्या नसतील तर कुमारी राणीला नर कुठून मिळणार? आणि मिलनासाठी उडाली की वेडा राघू टपलेलाच. एक मात्र विचारून घ्या, राणी मेलिफेराचीच आहे ना? सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, राणी मेलिफेराच्या पेटीत चालत नाही, आणि उलटही नाही.

आठवड्यानंतर उघडाल तेव्हा राणी शोधत बसू नका, अंडी शोधा. सूर्य पाठीशी घेऊन फ्रेम तिरकी धरा. प्रत्येक पेशीत तळाच्या मधोमध एकच अंडं दिसलं तर काम झालं. एकेका पेशीत दोन-चार, भिंतीला चिकटलेली अंडी दिसली तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत, आणि त्यांतून नुसते नर निघतात. अशा पेटीत दुसऱ्या राणीचे पैसे घालू नका. एखाद्या जोरदार राणीवाल्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरा, त्याला बारीक भोकं पाडा आणि ही पेटी वर ठेवा. माश्या कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो आणि दोन्ही मिसळून जातात. नंतर त्याच पेटीतून अंडी-अळ्यांच्या फ्रेम काढून नवी छोटी पेटी बांधा.