स्टिरिओ हिंदी गाण्यांचं घरच्या घरी ५.१ सराउंड कसं करायचं?

५.१ म्हणजे पाच स्पीकर (समोर तीन, मागे दोन) आणि एक सबवूफर. आधी रिसीव्हरचा (या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) रिमोट हातात घ्या. त्यात ‘डॉल्बी सराउंड’, ‘प्रो लॉजिक २’ किंवा ‘डीटीएस न्यूरल:एक्स’ असेल तर फाइल बदलायची गरजच नाही. वाजवतानाच रिसीव्हर दोन चॅनेलच्या आवाजाची सगळ्या स्पीकरमध्ये वाटणी करतो. तत्त्व सोपं आहे: डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये जे सारखं (बहुतेकदा गायकाचा आवाज) ते मधल्या स्पीकरला, जे वेगळं (व्हायोलिनचा ताफा, आवाजाचा घुमारा) ते मागे.

म्हणूनच पन्नाशीच्या दशकातली मोनो गाणी लावलीत तर सगळं मधूनच येईल आणि मागचे स्पीकर गप्प. दोन्ही चॅनेल एकच, फरक शून्य!

फाइलच हवी असेल तर एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ फाइल बदलणाऱ्या प्रोग्रामचा ‘सराउंड’ फिल्टर फुकट आहे. मूळ मात्र सीडी किंवा फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) घ्या. मी एकदा १२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच दाबलेली एमपी३ घातली होती. मागच्या स्पीकरला कान लावला, तर पाण्याखाली झांजा वाजवल्यासारखा चिवचिवाट. एरवी गाण्याखाली झाकलेली कॉम्प्रेशनची घाण तिथे उघडी पडते.

डीमक्स या गाण्यातले आवाज सुटे करणाऱ्या प्रोग्रामने गायन, ड्रम, बेस आणि बाकीचं असे तुकडे वेगळे काढून हातानेही मांडता येतात. फक्त ठेका मागे टाकू नका, मैफलीत तबलजीकडे पाठ करून बसल्यासारखं वाटतं.